मुलं कमी, तरी माणसं जास्त: लोकसंख्यावाढीचा हिशोब कसा मांडायचा

प्रश्न असा आहे: महाराष्ट्रात एका बाईला सरासरी दोनपेक्षा कमी मुलं होतात असं सर्वेक्षण सांगतं, जिल्हा परिषदेच्या शाळांचे पट घसरताहेत, तरी राज्याची लोकसंख्या वाढतेच आहे. हे कसं? आणि लोकसंख्यावाढ नेमकी कशाकशावर ठरते?

दर बाईमागे मुलं किती, हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. पण त्याच्याइतकाच मोठा आकडा असतो तो आज मूल होण्याच्या वयात बायका किती आहेत याचा, आणि त्याकडे सहसा कोणी बघत नाही. त्या बायका आज जन्मलेल्या नाहीत, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जन्मल्या. आजच्या वाढीचा मोठा भाग तेव्हाच हलून गेलेल्या पाळण्यांचा आहे. पुढचं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी जमाखर्च. लोकसंख्येच्या वहीत खाती चारच: जन्म, मृत्यू, बाहेरून आलेले आणि बाहेर गेलेले. शिक्षण, गरिबी, धर्म, दुष्काळ, कायदा, साथ यांतलं काहीही या चारपैकी एखाद्या खात्यातून गेल्याशिवाय लोकसंख्येला हात लावू शकत नाही. म्हणून ‘गरिबीमुळे लोकसंख्या वाढते’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या खात्यातून? गरिबीने लग्नं लवकर होत असतील तर जन्म वाढतात. गरिबीने बाळं दगावत असतील तर मृत्यूही वाढतात. गरिबीने माणसं गाव सोडत असतील तर तिसरं-चौथं खातं हलतं. तीनही एकदम चालू असतात आणि वाढ म्हणजे त्यांची शेवटची बाकी.

महाराष्ट्राचे आकडे घेऊ. २००१ च्या जनगणनेत ९,६८,७८,६२७ माणसं होती, २०११ मध्ये ११,२३,७४,३३३. दशकातली वाढ १५.९९ टक्के. इथे पहिली चूक होते: १६ ला १० ने भागून ‘वर्षाला १.६ टक्के’ असं लिहिलं जातं. वाढ चक्रवाढीची असते, त्यामुळे १.१५९९ चं दहावं मूळ काढायचं. उत्तर येतं सुमारे १.४९ टक्के. फरक किरकोळ वाटतो, पण पन्नास वर्षांचा अंदाज बांधताना तो कोटीच्या वर जातो. ७० ला या दराने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात: ४७. अर्थात दर तोच राहिला तर, आणि तो तोच राहत नाही.

आता हे १.४९ टक्के फोडू. नमुना नोंदणी पद्धतीनुसार, म्हणजे निवडक वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंची जी सरकारी मोजणी सगळे एसआरएस म्हणून ओळखतात तिच्यानुसार, त्या दशकात राज्याचा जन्मदर हजारी सुमारे २१ वरून १७ च्या आत आला आणि मृत्युदर साडेसातवरून सव्वासहाच्या आसपास. सरासरी धरली तर जन्म वजा मृत्यू हजारी १२ च्या जवळ, म्हणजे १.२ टक्के. उरलेले ०.३ टक्के कुठून आले? बाहेरून. सरासरी साडेदहा कोटींवर दहा वर्षांत हे सुमारे ३० लाख होतात. ही वजाबाकीची रीत ढोबळ आहे. मोजणीतल्या सगळ्या चुका याच बाकीत येऊन पडतात. पण ‘वाढीचा पाचवा हिस्सा तरी स्थलांतराचा’ एवढं तिच्यावरून म्हणता येतं.

याच दशकातला आणखी एक आकडा. ० ते ६ वयाची मुलं २००१ मध्ये १ कोटी ३७ लाख होती, २०११ मध्ये १ कोटी ३३ लाख. एकूण माणसं दीड कोटीने वाढली आणि त्याच वेळी लहान मुलं साडेतीन लाखांच्या आसपास कमी झाली. वाढ खालून होत नव्हती, मधून आणि वरून होत होती. शाळेचा पट आणि लोकलमधली गर्दी यांत वाटणारी विसंगती ही अशी आहे.

हे कसं घडतं ते कागदावर करून बघा. १००० वस्तीचं एक गाव धरा. ० ते २४ वयाची ५०० माणसं, २५ ते ४९ ची ३०० आणि ५० ते ७४ ची २००. सोयीसाठी सगळे ७५ वर्षं जगतात आणि कोणी गाव सोडत नाही असं माना. आजपासून प्रत्येक जोडप्याला बरोबर दोनच मुलं. पंचवीस वर्षांनी आजचे ५०० तरुण मधल्या गटात जातील आणि त्यांना ५०० मुलं झालेली असतील. मधले ३०० वर सरकतील. बेरीज १३००. आणखी पंचवीस वर्षांनी ५००, ५०० आणि ५०० मिळून १५००. ‘हम दो हमारे दो’ तंतोतंत पाळूनही गाव दीडपट झालं, आणि मग थांबलं.

आता मुलं दोनहूनही कमी करा. दर पिढी आधीच्या पिढीच्या ०.८ पट, म्हणजे साधारण बाईमागे १.७ मुलं. पंचवीस वर्षांनी ४००, ५००, ३००: एकूण १२००. पन्नास वर्षांनी ३२०, ४००, ५००: एकूण १२२०. पंचाहत्तर वर्षांनी २५६, ३२०, ४००: एकूण ९७६. पहिल्या दिवसापासून जननदर घसरलेला असूनही पन्नास वर्षं गाव आधीपेक्षा मोठंच राहिलं, आणि उतार लागला तो तिसऱ्या पिढीत. अभ्यासक याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. धावत्या एसटीला ब्रेक लावला तरी ती थोडी पुढे जाऊनच थांबते.

१.७ हा आकडा हवेतून घेतलेला नाही. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर तेवढा आहे. पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, तो २.९ होता, तिसऱ्या फेरीत, २००५-०६ मध्ये, २.१. देशाचा आकडा याच काळात ३.४ वरून २.० वर आला. पाचव्या फेरीत गोव्यात १.३, बिहारमध्ये ३.०. म्हणजे महाराष्ट्राने दोनची पातळी ओलांडून जेमतेम एक पिढी झाली आहे, आणि वरच्या गावाच्या हिशोबात पहिल्या पंचवीस वर्षांत गाव वाढतच असतं.

एकूण जननदर हा शब्द मात्र जपून वापरावा. तो कोणा खऱ्या बाईच्या मुलांची संख्या नाही. या वर्षी १५ ते ४९ मधल्या प्रत्येक वयाला जो दर दिसला, त्या दरांतून एखादी काल्पनिक बाई आयुष्यभर गेली तर तिला किती मुलं होतील, त्याची ती बेरीज आहे. लग्नं पुढे ढकलली जात असतात त्या काळात हा आकडा प्रत्यक्षापेक्षा खाली दिसतो, कारण मूल रद्द झालेलं नसतं, फक्त लांबलेलं असतं.

आणि प्रसिद्ध २.१? ती काही जादूची रेषा नाही. प्रत्येक बाईमागे पुढच्या पिढीत एक बाई आई होण्याच्या वयाला पोचली की लोकसंख्या स्वतःला भरून काढते. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणून एका मुलीमागे २.०५ जन्म लागतात. शंभरातल्या दोन-तीन मुली त्या वयाआधी दगावतात, म्हणून २.१. जिथे निम्म्याच मुली त्या वयाला पोचतात तिथे ही पातळी ४.१ होते. आणि जिथे मुली जन्माआधीच गाळल्या जातात तिथेही ती वर सरकते: महाराष्ट्रात २०११ ला ० ते ६ वयात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, तेच जन्मावेळचं प्रमाण धरलं तर २.२ च्या जवळ जाते. बीड जिल्ह्यात तेव्हा हा आकडा ८०७ होता.

आता जन्माचं खातं उघडू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. शिक्षण, श्रद्धा, उत्पन्न यांचा परिणाम शेवटी चार गोष्टींतूनच होतो: बाई किती वर्षं लग्नात राहते, बाळंतपणानंतर किती महिने तिची पाळी येत नाही, गर्भनिरोधन किती आणि किती परिणामकारक, आणि गर्भपात किती. बाकी सगळं या चारांच्या मागे उभं असतं.

हिशोब असा. अंगावर अजिबात न पाजणाऱ्या बाईला बाळंतपणानंतर दीड महिन्यात पुन्हा दिवस जाऊ शकतात. दिवस जायला सरासरी साडेसात महिने, अधूनमधून गर्भ पडतो त्याचे सरासरी दोन महिने, आणि नऊ महिन्यांचं गरोदरपण. बेरीज वीस महिने, हे दोन बाळंतपणांतलं अंतर. मूल होण्याची पंचवीस वर्षं, म्हणजे ३०० महिने, याने भागले की पंधरा मुलं. हे माणसाच्या शरीराचं ढोबळ छत. आता तीच बाई दीड-दोन वर्षं अंगावर पाजत असेल आणि त्यामुळे दीडऐवजी अठरा महिने पाळी येत नसेल, तर अंतर साडेछत्तीस महिने होतं आणि पंधराची आठ होतात. एकही गोळी न घेता. त्या पंचवीस वर्षांचा पाव हिस्सा लग्नाबाहेर गेला, तर उरतात सहा. आपल्या पणज्यांच्या पिढीत बाईला सरासरी सहा मुलं व्हायची ती अशी. त्या काळी वाताहत झालेल्या विधवांच्या आयुष्यानेही हा आकडा खाली ठेवला होता. पुनर्विवाहाला बंदी असलेल्या जातींत पंचविशीत नवरा गेला की तिचं जन्माचं खातं बंद व्हायचं.

(योगायोग बघा: विधवाविवाहासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव. वडिलांचं काम निव्वळ आकड्यांत बघितलं तर जन्म वाढवणारं, मुलाचं कमी करणारं. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. सरकारी कार्यक्रम आला तो १९५२ मध्ये.)

या गणिताचा व्यवहारातला धडा असा की आधुनिकतेच्या सुरुवातीला जन्म कधीकधी वाढतात. डबा-पावडर येते, अंगावर पाजणं सहा महिन्यांवर येतं, आणि गर्भनिरोधन अजून पोचलेलं नसतं. अंतर साडेछत्तीसवरून पंचविसावर. ‘विकास झाला की आपोआप मुलं कमी’ असं म्हणणाऱ्यांनी हा मधला टप्पा लक्षात ठेवावा. केवळ अंगावर पाजण्यावर भरवसाही मर्यादितच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, वरचं काही चालू नाही, आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही अटी पुऱ्या होत असतील तोवरच ते जवळजवळ पूर्ण संरक्षण देतं. एक अट मोडली की दुसरा उपाय लगेच हवा.

गर्भनिरोधनाचं प्रमाण वाचताना दोन गोष्टी विचाराव्यात: कोणतं साधन, आणि कितव्या मुलानंतर. तांबी आणि नसबंदी यांत वर्षाला शंभरात एकापेक्षा कमी बायकांना दिवस जातात. गोळी रोजच्या वापरातल्या विसराविसरीसह सातेक जणींना चुकते, निरोध तेराच्या आसपास. म्हणून ‘६० टक्के जोडपी साधन वापरतात’ या वाक्याचा अर्थ साधनावर अवलंबून. आणि तिसऱ्या मुलानंतर नसबंदी केलेली बाई व पहिल्यानंतर तांबी बसवलेली बाई सर्वेक्षणात एकाच रकान्यात मोजली जाते, वाढीवरचा त्यांचा परिणाम मात्र अगदी वेगळा.

महाराष्ट्राचं वैशिष्ट्य इथेच आहे. पाचव्या फेरीत राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांची नसबंदी अर्धा टक्कासुद्धा नाही. क्रम ठरलेला: लवकर लग्न, लागोपाठ दोन मुलं, ऑपरेशन. देशभरात नसबंदीचं मधलं वय पंचवीस-सव्वीसच्या आसपास आहे. मुलं कमी, पण पिढी लहान. आणि पिढीची लांबी हा वाढीचा विसरला गेलेला घटक आहे. समजा एका समाजात प्रत्येक पिढी आधीच्या दीडपट होते. पिढी पंचवीस वर्षांची असेल तर शंभर वर्षांत चार पिढ्या, म्हणजे पाच पट. वीस वर्षांची असेल तर पाच पिढ्या, म्हणजे साडेसात पट. बाईमागची मुलं दोन्हीकडे सारखी.

म्हणून लग्नाचं वय हा नुसता मुलींच्या हिताचा प्रश्न नाही, वाढीच्या दराचाही आहे. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचं वय १४ ठरवलं, १९७८ च्या दुरुस्तीने १८. तरी २०१९-२१ ला महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. ऊसतोडीच्या पट्ट्यात याचं कारण उघड आहे: मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या मुलाला पूर्ण कोयत्याची उचल मिळत नाही, आणि वयात आलेल्या मुलीला कोपीवर, म्हणजे तोडणीच्या जागेवरच्या झोपडीत, एकटं ठेवायची धास्ती असते. तिथे पोस्टर लावून लग्नाचं वय वाढत नाही. मुलगी हंगामभर वसतिगृहात राहिली तर वाढतं.

शिक्षणाचा आकडा सगळ्यांत भक्कम आहे. देशात शाळेत न गेलेल्या बायकांचा जननदर २.८, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांचा १.८. शाळा मुलीचं लग्न चार-सहा वर्षं लांबवते, तिला दवाखान्यात तोंड उघडायला शिकवते, आणि मुलांवरचा खर्च वाढवते, कारण शिकलेली आई मुलाला शाळेत घालतेच. धर्माविषयी हमखास विचारलं जातं म्हणून तेही: १९९२-९३ मध्ये हिंदूंचा जननदर ३.३ आणि मुस्लिमांचा ४.४ होता, २०१९-२१ मध्ये १.९ आणि २.४. घट दोन्हीकडे आहे, मुस्लिमांत जास्त, आणि अंतर निम्म्याहून कमी उरलं आहे. बिहार आणि गोवा यांच्यातलं अंतर याच्या तिप्पट आहे.

मुलगाच हवा या हट्टाचा परिणाम दोन्ही दिशांना होतो. ‘पहिला मुलगा झाला की थांबायचं’ हा नियम सगळ्यांनी पाळला तर घरटी सरासरी दोन मुलं होतात, ‘दोन मुलगे हवेत’ म्हटलं तर चार. या नियमाने मुलामुलींचं प्रमाण बदलत नाही, हे अनेकांना पटत नाही, पण नाणं उडवून बघा. प्रमाण बदलतं ते सोनोग्राफीने. मग जन्म कमी होतात आणि पुढच्या पिढीतल्या आयाही. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी २००१ चं ९१३ हे प्रमाण २०११ मध्ये ८९४ झालं.

मृत्यूच्या खात्यात लक्षात ठेवायचं ते एवढंच की सगळे मृत्यू वाढीच्या दृष्टीने सारखे नाहीत. सत्तरीतला माणूस वाचला तर त्याची उरलेली वर्षं बेरजेत येतात. वर्षाची मुलगी वाचली तर तिची सत्तर वर्षं आणि तिची मुलंही येतात. विसाव्या शतकातला स्फोट झाला तो जन्म वाढल्याने नव्हे, बाळं वाचल्याने. १९११ ते १९२१ या दशकात भारतात जन्मदर आणि मृत्युदर दोन्ही हजारी ४८ च्या आसपास होते. प्लेग चालूच होता, १९१८ चा इन्फ्लुएंझा आला, आणि देशाची लोकसंख्या ०.३१ टक्क्यांनी घटली. त्यानंतर ती कधीच घटली नाही. साथींना आळा, धान्याची वाहतूक, १९५३ पासून हिवतापावरची डीडीटी फवारणी, मग लसी. मृत्युदर आधी उतरला, जन्मदर मागाहून, आणि मधल्या फटीत १९५१ चे ३६ कोटी १९९१ ला ८४ कोटींवर गेले.

मग बाळं वाचवली तर लोकसंख्या वाढेल, हा आक्षेप येतोच. पहिली काही वर्षं वाढते, नंतर उलट होतं. जी पाच जन्माला घालून तीन हाती लागतील असा हिशोब करत होती, ती दोन झाल्यावर थांबते ते दोन्ही जगतील याची खात्री असल्यावरच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०२० ला महाराष्ट्रात हजार जन्मांमागे वर्षाच्या आत १६ बाळं दगावत होती, मध्य प्रदेशात ४३. जननदराचा नकाशा याच्या शेजारी ठेवला तर बहुतेक रंग जुळतात.

मृत्युदर वाचताना एक खड्डा: २०२० ला केरळचा ढोबळ मृत्युदर हजारी सुमारे ७ होता, महाराष्ट्राचा साडेपाच. म्हणून केरळात आरोग्य वाईट असं नाही. तिथे म्हातारी माणसं जास्त आहेत. अर्भक मृत्युदर तिथे तेव्हा ६ होता. वयोरचना न बघता दोन जिल्ह्यांचे ढोबळ दर शेजारी मांडू नयेत.

आपत्तींचा परिणाम मात्र लोकांना वाटतो त्याहून फार लहान असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे ८ हजार माणसं गेली. त्या गावांसाठी तो प्रलय होता. राज्याच्या वहीत तेव्हा दिवसाला साडेपाच हजारांच्या आसपास जन्म पडत होते.

स्थलांतराने राज्यात काय होतं ते आकड्यांत बघितलं, जिल्ह्यांत ते फारच ठळक दिसतं. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली, सिंधुदुर्गाचीही घटली, आणि त्याच काळात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला, पुणे ३० टक्क्यांनी. मुंबई शहर जिल्हाही साडेसात टक्क्यांनी आकसला. गिरणगावातली माणसं डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका मोजल्या गेल्या. कोकणात मुली जास्त जन्मतात असं नाही. पुरुष चाकरमानी झाले. आणि याचा फटका दुहेरी असतो. जाणारा एक माणूस वजा होतोच, पण जाणारे विशी-तिशीतले असल्यामुळे त्यांची मुलंही दुसऱ्या जिल्ह्याच्या जन्माच्या खात्यात पडतात. मागे उरलेल्या गावात मृत्युदर वर जातो, जन्मदर खाली, आणि कोणी आजारी नसताना गाव म्हातारं होतं.

कायद्यांबद्दल स्पष्टच लिहितो. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. उरलं काय, तर पुरुष नसबंदीचं नाव कायमचं खराब झालं आणि सगळा भार बायकांवर पडला. चीनचा दाखला देणाऱ्यांनी क्रम तपासावा: तिथे जननदर १९७० मध्ये सहाच्या जवळ होता आणि एकच मूल धोरण येण्याआधीच, १९७९ पर्यंत, तीनच्या खाली आला होता. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढवता येत नाही, २००५ पासून सरकारी नोकरीलाही तशी अट आहे. पण केरळ आणि तामिळनाडू अशा अटींशिवायच दोनच्या खाली गेले. अशा अटींना वाढीच्या हिशोबात मोठं वजन देण्यासारखं काही दिसत नाही.

शेवटी, आपल्या तालुक्याचा हिशोब स्वतः करायचा असेल तर कुठे चुकतं ते. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आई राहते तिथे नव्हे. त्यामुळे उपजिल्हा रुग्णालयाच्या गावात जन्मदर अफाट दिसतो आणि शेजारच्या वीस गावांत शून्य. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. सासर पाटणला, माहेर शिराळ्याला, तर बाळ शिराळ्यात मोजलं जातं आणि तीन महिन्यांनी पाटणला राहायला येतं. म्हणून आईचा कायमचा पत्ता बघूनच नोंदी वेगळ्या कराव्यात आणि एका गावाचा दर न काढता किमान तालुक्याचा, तोही तीन वर्षांची सरासरी घेऊन काढावा. तीन हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंचेचाळीस जन्म अपेक्षित असताना पस्तीस किंवा पंचावन्न झाले तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. हद्दी तपासाव्यात: पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, ती माणसं आधीपासून तिथेच होती. वय सांगताना लोक ३०, ३५, ४० असं गोळाबेरीज सांगतात, म्हणून एकेका वयाऐवजी पाच वर्षांचे गट घ्यावेत. जनगणनेच्या सी-१४ तक्त्यात ते मिळतात.

आणि त्या तक्त्यातल्या दोन ओळी शेजारी ठेवाव्यात: ५ ते ९ वयाच्या मुली आणि २५ ते २९ वयाच्या बायका. मुली कमी असतील तर वीस वर्षांनी आयाही कमी असतील, बाईमागे मुलं कितीही होवोत. २००१ ला ० ते ६ वयात मोजलेल्या मुली आज पंचविशी-तिशीत आहेत, म्हणून सध्या पाळणे अजून बरेच हलताना दिसतात. २०११ च्या त्याच वयाच्या मुली, ज्या संख्येने कमी होत्या, २०३६ च्या सुमाराला त्या वयाला येतील. बाहेरून ठाण्या-पुण्यात येणाऱ्या बायका त्यांत किती भर घालतील ते १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून होणाऱ्या जनगणनेचे वयवार तक्ते हाती आले की मोजता येईल.